एरर करेक्शन डिकोडिंग कसं सुधारायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संदेशात जादा बिट मिसळून पाठवायचे आणि पलीकडे त्यांच्या आधाराने वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करायच्या, ही एरर करेक्शनची मूळ कल्पना. कोणता कोड वापरायचा हे बहुतेक वेळा स्टँडर्डने ठरवून टाकलेलं असतं, तिथे आपल्याला फारसा वाव नसतो. डिकोडरचं तसं नाही. कसं पाठवायचं ते स्टँडर्ड सांगतं. आलेल्या सिग्नलमधून मूळ बिट कसे काढायचे हे रिसीव्हर बनवणाऱ्यावर सोडलेलं असतं. त्यामुळे तोच कोड वापरून एकाचा रिसीव्हर दुसऱ्यापेक्षा १ डीबीने (डेसिबल, सिग्नलची ताकद तोलायचं लॉगमधलं माप) सरस निघू शकतो.

हे प्रश्न अभ्यास करणारे विद्यार्थी, सॉफ्टवेअर रेडिओवर काम करणारे आणि चिप डिझाइनमधले नवे इंजिनिअर पुन्हा पुन्हा विचारतात. माझं मत आधीच सांगतो: डिकोडिंगमधला बहुतेक तोटा अल्गोरिदम कच्चा असल्याने होत नाही. डिकोडरपर्यंत पोहोचायला हवी ती माहिती वाटेतच गळते, म्हणून होतो.

डिकोडर "सुधारला" असं नेमकं कधी म्हणायचं?

तेवढ्याच सिग्नलमध्ये कमी चुका, तेवढ्याच चुकांसाठी कमी हिशेब आणि वीज, किंवा तेवढ्याच कामाला कमी वेळ: यातलं काहीतरी मिळालं तर. तिन्ही एकदम क्वचितच मिळतात. म्हणून काम हाती घेताना आपली अडचण कोणती आहे ते लिहून काढा. अंतराळयानाच्या दुव्यावर ०.२ डीबीसाठी वाट्टेल तेवढा हिशेब करणं परवडतं, कारण तिकडे ट्रान्समीटरची ताकद वाढवता येत नाही. फोनमध्ये तोच ०.२ डीबी बॅटरीला महाग पडतो.

मर्यादा कुठे आहे? अजून मिळवण्यासारखं काही उरलंय का?

क्लॉड शॅननने १९४८ साली दाखवलं, की प्रत्येक चॅनलची एक क्षमता असते आणि तिच्यापेक्षा कमी वेगाने पाठवलं तर चुका हव्या तितक्या कमी करता येतात. बायनरी सिग्नल, साधा गाउसियन नॉइज (यादृच्छिक गोंगाट) आणि १/२ कोड रेट (पाठवलेल्यांपैकी निम्मे बिट माहितीचे) धरला तर ही मर्यादा दर बिटाच्या ऊर्जेच्या हिशेबात, म्हणजे ईबी-एन-नॉटमध्ये, साधारण ०.१९ डीबीवर येते. कोडशिवाय बीपीएसके (प्रत्येक बिटासाठी +१ किंवा −१ पाठवायची साधी पद्धत) पाठवलं तर एक लाख बिटांत एक चूक एवढी शुद्धता मिळवायला ९.६ डीबी लागतात. या दोन आकड्यांमधलं ९ डीबींहून मोठं अंतर हेच या विद्येचं कार्यक्षेत्र.

हे अंतर कापायला ४५ वर्षं लागली. १९९३ मध्ये बेरू, ग्लाव्यू आणि थितिमाजशिमा यांनी टर्बो कोड मांडले आणि ०.७ डीबीवर लाखात एक चूक करून दाखवली. सुरुवातीला अनेकांचा विश्वास बसला नाही. त्यानंतर लक्ष गेलं रॉबर्ट गॅलगर यांच्या एलडीपीसी कोडकडे (मोजक्या बिटांची बेरीज सम ठेवणाऱ्या अनेक समीकरणांवर बांधलेले कोड). १९६०च्या सुमाराचं हे काम तेव्हाच्या यंत्रांना पेलवणारं नसल्याने जवळजवळ विसरलं गेलं होतं. मॅके आणि नील यांनी १९९०च्या दशकाच्या मध्याला ते पुन्हा उजेडात आणलं. गॅलगर यांच्या मांडणीत कोडच्या बरोबरीने पुनरावृत्तीने करायचं डिकोडिंगही होतं, याचं मला अजूनही फार अप्रूप वाटतं.

तेव्हा लांब कोडसाठी, कागदावर तरी, फारसं उरलेलं नाही. प्रत्यक्ष रिसीव्हरमध्ये आणि छोट्या पॅकेटांमध्ये मात्र भरपूर उरलंय.

हार्ड आणि सॉफ्ट डिसिजनमध्ये एवढा फरक का पडतो?

हार्ड डिसिजन म्हणजे आलेला व्होल्टेज पाहून लगेच "हा ०, हा १" असं ठरवून टाकायचं आणि नंतर डिकोड करायचं. सॉफ्टमध्ये प्रत्येक बिटासोबत त्याच्याबद्दलची खात्रीही पुढे पाठवायची. ती सांगायची नेहमीची पद्धत म्हणजे एलएलआर: बिट ० असण्याची शक्यता भागिले १ असण्याची शक्यता, आणि त्याचा लॉग. चिन्हावरून बिट कळतो, आकारावरून खात्री.

चार बिटांचं एकच पॅरिटी समीकरण घ्या. चौघांची बेरीज सम असली पाहिजे. डीमॉड्युलेटरकडून (आलेल्या सिग्नलमधून बिटांचा अंदाज काढणाऱ्या भागाकडून) आलेले एलएलआर आहेत +२.४, −०.३, +३.१ आणि +१.८. हार्ड डिसिजनने बिट होतात ०, १, ०, ०. पॅरिटी बिघडली. चूक आहे एवढं कळलं, कुठे आहे ते कळायला मार्ग नाही.

आता एलएलआर वापरा. दुसऱ्या बिटाबद्दल बाकीचे तिघे काय म्हणतात? तिघांचीही चिन्हं धन आहेत, म्हणजे दुसराही ० असला पाहिजे. या मताचं वजन तिघांतल्या सर्वात डळमळीत बिटाएवढं, म्हणजे १.८. ते मूळच्या −०.३ मध्ये मिळवलं की +१.५ होतात. बिट ०. उरलेल्या तिघांना मिळणाऱ्या संदेशात दुसऱ्याचं ऋण चिन्ह येतं, पण वजन फक्त ०.३ असतं. ते होतात २.१, २.८ आणि १.५. चिन्हं सगळी धन, पॅरिटी जुळली. जे समीकरण मघाशी फक्त चूक दाखवत होतं, तेच आता ती दुरुस्त करतंय. कोड बदललेला नाही, एक बिटही जादा पाठवलेला नाही.

गाउसियन नॉइजमध्ये हा फरक साधारण २ डीबी भरतो. ज्या सिस्टिममध्ये अजून हार्ड डिसिजन चालू आहे आणि सॉफ्ट शक्य आहे, तिथे दुसरी कुठलीही सुधारणा करण्याआधी ही करा.

एलएलआर बरोबर आहेत की नाहीत हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न जितक्या वेळा विचारला जायला हवा तितका जात नाही.

बीपीएसके आणि गाउसियन नॉइज असेल तर एलएलआर म्हणजे मोजलेलं मूल्य गुणिले २, भागिले नॉइजचा व्हेरिअन्स (सरासरी ताकद). यात तीन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिलं चिन्ह: काही लायब्ररी ० ला वर ठेवतात, काही १ ला. उलटं झालं तर डिकोडर काहीच दुरुस्त करत नाही, त्यामुळे ही चूक निदान लगेच लक्षात तरी येते. दुसरं व्हेरिअन्स: कॉम्प्लेक्स सिग्नलचा एकूण नॉइज आणि एका अक्षावरचा नॉइज यांत दुपटीचा फरक असतो. ही चूक लपून राहते. डिकोडर चालतो, फक्त थोडा वाईट चालतो.

तिसरं जास्त नुकसान करतं. फेडिंग (सिग्नल वाटेत कमीजास्त होणं) असलेल्या चॅनलवर प्रत्येक बिटाला त्याच्या त्याच्या वेळचा चॅनल गेन, म्हणजे तेव्हा सिग्नल किती पोहोचला तो आकडा, लावावा लागतो. इक्वलायझर सिग्नलला गेनने भागून सरळ करतो आणि त्यासोबत नॉइजही फुगवतो. फेडमध्ये सापडलेला बिट इक्वलायझरनंतर ठणठणीत दिसतो, प्रत्यक्षात त्याच्यात नॉइजच भरलेला असतो. त्या बिटाचा एलएलआर गेनच्या वर्गाच्या प्रमाणात खाली आणला नाही, तर डिकोडर सर्वात वाईट बिटांवर सर्वात चांगल्यांइतकाच विश्वास ठेवतो. एकाच वेळी अनेक सबकॅरिअरवर (छोट्या वाहक लहरींवर) पाठवणाऱ्या ओएफडीएममध्ये हे जास्तच जाणवतं.

तपासायची एक सोपी रीत आहे आणि ती प्रत्येकाने एकदा तरी करावी. पाठवलेले बिट माहीत असताना लाखभर एलएलआर गोळा करा. त्यातून ज्यांचा आकार २ च्या आसपास आहे असे वेगळे काढा आणि त्यातले किती चुकीचे आहेत ते मोजा. एलएलआर खरे असतील तर सुमारे १२ टक्के चुकीचे निघतील, कारण १ भागिले (१ अधिक ई चा २ रा घात) म्हणजे ०.११९. आकार ४ असलेल्यांत हे प्रमाण १.८ टक्के हवं. ४ वाल्यांत ५ टक्के चुका निघाल्या तर तुमचा डीमॉड्युलेटर फाजील आत्मविश्वास दाखवतोय, आणि दुरुस्ती तिथे करायची आहे.

१६-क्वाम किंवा ६४-क्वाममध्ये एका सिम्बॉलमध्ये, म्हणजे एका ठोक्यात, ४ किंवा ६ बिट जातात आणि एका सिम्बॉलमधले सगळे बिट सारखे भरवशाचे नसतात. तिथे हीच चाचणी प्रत्येक बिटस्थानासाठी वेगळी करा.

मिन-सम वापरल्याने किती तोटा होतो?

वरच्या उदाहरणात आपण मिन-समच केलं. अचूक पद्धतीत, म्हणजे सम-प्रॉडक्टमध्ये, किमान मूल्याऐवजी टॅन-एचचा गुणाकार येतो. त्याच आकड्यांवर तो करून पाहिला तर दुसऱ्या बिटाला जाणारा संदेश १.८ न येता साधारण १.२२ येतो. मिन-सम खात्री नेहमी वाढवून सांगतं, कमी कधीच सांगत नाही.

चूक नेहमी एकाच दिशेने होते, म्हणूनच तिच्यावर उपायही स्वस्त आहे. संदेशाला ०.७५ च्या आसपासच्या आकड्याने गुणायचं: १.८ चे १.३५ होतात, खऱ्या मूल्याच्या बरेच जवळ. हे नॉर्मलाइज्ड मिन-सम. किंवा एक ठरावीक आकडा वजा करायचा, ते ऑफसेट मिन-सम. हार्डवेअरमध्ये ०.७५ ला गुणाकाराचीही गरज नाही. अर्धा आणि पाव यांची बेरीज दोन शिफ्टमध्ये होते. साध्या मिन-समचा तोटा कोडनुसार काही दशांश डीबीपासून जवळपास १ डीबीपर्यंत असतो. गुणक नीट निवडला तर बहुतेक कोडमध्ये ०.१ डीबीच्या आसपास उरतो.

मिन-समचा एक गुण फारसा सांगितला जात नाही. सगळे एलएलआर एकाच आकड्याने गुणले तरी साध्या आणि नॉर्मलाइज्ड मिन-समचं उत्तर बदलत नाही. म्हणजे नॉइजचा अंदाज चुकला तरी डिकोडर डगमगत नाही. सम-प्रॉडक्टला अंदाज चुकलेला खपत नाही. म्हणून प्रत्यक्षात कधीकधी "कमी अचूक" मिन-सम जास्त बरं चालतं. हा गुण फक्त सर्वांना समान असलेल्या गुणकापुरता आहे. फेडिंगमध्ये बिटागणिक बदलणारा गेन विसरलात तर मिन-समही वाचवू शकत नाही. ऑफसेट मिन-समला हे संरक्षण नाही, कारण वजा होणारा आकडा स्थिर असतो.

फेऱ्या वाढवल्या तर सुधारणा होईल का?

थोडीफार, आणि लवकरच थांबेल. (एक फेरी म्हणजे सगळ्या समीकरणांनी आपल्या बिटांना एकदा संदेश देणं.) त्याआधी फेऱ्यांचा क्रम बदला. सर्व पॅरिटी समीकरणांना जुन्याच माहितीवर एकदम चालवण्याऐवजी गटागटाने चालवायचं आणि एका गटाने काढलेली नवी माहिती पुढच्या गटाला त्याच फेरीत द्यायची. याला लेयर्ड डिकोडिंग म्हणतात. तेवढ्याच दर्जाला साधारण निम्म्या फेऱ्या लागतात आणि मेमरीही वाचते. सोबत प्रत्येक फेरीनंतर सिंड्रोम (कोणती समीकरणं जुळत नाहीत त्याची नोंद) तपासा: सगळी समीकरणं जुळली की थांबा. चांगल्या सिग्नलमध्ये बहुतेक फ्रेम (एकत्र डिकोड होणारे बिटांचे गठ्ठे) मोजक्या फेऱ्यांत सुटतात, त्यामुळे वीज सरासरीवर बरीच वाचते.

चुका एका पातळीपर्यंत झपाट्याने कमी होतात आणि मग आलेख आडवा होतो. का?

हा एरर फ्लोअर. एलडीपीसीमध्ये बिट आणि समीकरणं यांच्या जोडणीच्या जाळ्यात बिटांचे काही छोटे समूह असे असतात की ते एकत्र चुकले तर एकमेकांना चुकीच्याच मतावर धरून ठेवतात. बाहेरची समीकरणं ओढतात, आतली त्याहून जोराने मागे खेचतात. यांना ट्रॅपिंग सेट म्हणतात. टॉम रिचर्डसन यांनी २००३ मध्ये त्यांच्यावरून फ्लोअरचा अंदाज बांधण्याची पद्धत मांडली. १० गिगाबिट इथरनेटच्या २०४८ बिटांच्या कोडमध्ये ८ बिटांचा असा समूह फ्लोअरचं मुख्य कारण असल्याचं दाखवलं गेलंय. २०४८ पैकी फक्त ८, आणि डिकोडर शंभर फेऱ्या फिरला तरी तिथेच.

उपाय आपल्याकडे काय आहे त्यावर ठरतो. बाहेरून एक छोटा बीसीएच कोड लावला तर उरलेल्या मोजक्या चुका तो उचलतो. उपग्रह प्रक्षेपणाच्या डीव्हीबी-एस२ मध्ये हेच केलंय. कोड हातात नसेल तर डिकोडर अडकल्यावर न जुळणाऱ्या समीकरणांना लागून असलेल्या बिटांचे एलएलआर हलवून पुन्हा काही फेऱ्या चालवता येतात. यात अडकलेल्या फ्रेमचे सिंड्रोम साठवून पाहणं फार उपयोगाचं असतं. न जुळणाऱ्या समीकरणांची संख्या दर वेळी तीच छोटी संख्या येत असेल, तर तो ट्रॅपिंग सेटच.

फ्लोअरचं आणखी एक कारण अगदी साधं असतं: संदेशांना दिलेले बिट कमी पडतात. खरी माहिती आणि चुकीची माहिती दोन्ही कमाल मूल्याला चिकटल्या की खरीला चुकीवर मात करायला जागाच उरत नाही.

मग संदेशांना किती बिट द्यायचे?

चॅनलकडून येणाऱ्या एलएलआरला ४ ते ६ बिट पुरतात. प्रत्येक बिटाची एकत्रित बेरीज जिथे साठते तिथे दोनेक बिट जादा ठेवा. व्हिटर्बीला ३ बिटही चालतात, तोटा साधारण पाव डीबी. बिटांच्या संख्येपेक्षा स्केलिंगकडे जास्त लक्ष द्या: ६ बिट दिले आणि सगळी मूल्यं मधल्या चार पायऱ्यांत दाटली, तर प्रत्यक्षात दोनच बिट वापरले.

व्हिटर्बी जुना झाला का?

अँड्र्यू व्हिटर्बी यांनी १९६७ साली दिलेला हा अल्गोरिदम कन्व्होल्युशनल कोडसाठी (यात पाठवलेले बिट माहितीच्या आधीच्या काही बिटांवरही ठरतात) सर्वात शक्य असलेला संपूर्ण क्रम शोधतो. त्यात "सुधारणा" करण्यासारखं अल्गोरिदममध्ये फारसं नाही. सांभाळायच्या गोष्टी अंमलबजावणीत आहेत. कन्स्ट्रेंट लेंथ (एका वेळी हिशेबात येणारे बिट) ७ असेल तर ६४ स्टेट (आधीच्या ६ बिटांच्या सगळ्या शक्यता) लागतात आणि मागे वळून निर्णय घेण्याची खोली साधारण त्या लांबीच्या पाचपट ठेवतात. पंक्चर केलेल्या (काही बिट मुद्दाम न पाठवलेल्या) कोडला याहून जास्त लागते, आणि नेमकं तेच विसरलं जातं. टेल-बायटिंग (शेवट सुरुवातीला जोडलेल्या) कोडमध्ये सुरुवातीची स्टेट माहीत नसते, म्हणून फ्रेमभोवती गोल फिरून पुन्हा जावं लागतं.

पुढच्या टप्प्याला सॉफ्ट माहिती हवी असेल तर व्हिटर्बीऐवजी १९७४चा बीसीजेआर घ्या. तो प्रत्येक बिटाची स्वतंत्र शक्यता काढतो. टर्बो डिकोडर त्याच्यावरच उभा आहे.

रीड-सोलोमनमध्ये अजून काय मिळवता येईल?

इरेजर. २५५ पैकी २२३ सिम्बॉल (इथे सिम्बॉल म्हणजे ८ बिटांचा गट) माहितीचे असलेला कोड, जो व्हॉयेजरसारख्या यानांनी वापरला, १६ चुकलेले सिम्बॉल दुरुस्त करतो. पण कोणते सिम्बॉल संशयास्पद आहेत हे आधीच सांगितलं तर तोच कोड ३२ सिम्बॉल भरून काढतो. नियम असा: चुकांची दुप्पट अधिक इरेजर ही बेरीज ३२ च्या आत हवी. रिसीव्हरला खराब तुकडा बहुधा माहीत असतो, कारण सिग्नल बुडाला होता किंवा आतल्या, म्हणजे आधी चालणाऱ्या, डिकोडरने हात टेकले होते. ती खूण पुढे पोहोचवा. मात्र चांगल्या सिम्बॉलवर इरेजरची खूण केली तर क्षमता वाया जाते, म्हणून उंबरठा मोजून ठरवा.

आत व्हिटर्बी आणि बाहेर रीड-सोलोमन अशी जोडी असेल तर व्हिटर्बीच्या चुका घोळक्याने येतात, त्यामुळे दोघांच्या मध्ये इंटरलीव्हर (क्रम विस्कटून चुका पांगवणारा टप्पा) हवाच.

पोलर कोडमध्ये साधा डिकोडर एवढा कमजोर का?

एर्दाल आरिकान यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या या कोडची शॅननच्या मर्यादेला पोहोचण्याची सिद्धता आहे, पण लांबी खूप वाढवल्यावर. छोट्या लांबीत एकामागून एक बिट ठरवणारा डिकोडर एकदा चुकला की मागे फिरत नाही. टाल आणि वार्डी यांनी यावर लिस्ट डिकोडिंग सुचवलं: दर टप्प्याला ८ किंवा १६ शक्यता जिवंत ठेवायच्या आणि शेवटी सीआरसी (संदेश बरोबर आला का ते तपासायला जोडलेले बिट) ज्याला लागू पडेल तो निवडायचा. याच सुधारणेमुळे पोलर कोड ५जीच्या कंट्रोल चॅनलमध्ये आले. डेटासाठी तिथे एलडीपीसी आहे.

एक हिशेब ध्यानात ठेवा. ८ जणांची यादी सीआरसीने तपासली म्हणजे चुकीचा संदेश खरा ठरण्याची संधी ८ पट झाली, सीआरसीचे ३ बिट खर्ची पडले. ५जीच्या डाउनलिंकला २४ बिटांचा सीआरसी आहे त्यात हे ३ धरलेले आहेत. तुमच्या सिस्टिममध्ये ८ बिटांचाच सीआरसी असेल तर मोठी यादी धोक्याची.

पॅकेट शे-दोनशे बिटांचंच आहे. काय करावं?

आधी अपेक्षा बेताची ठेवा. छोट्या पॅकेटला शॅननचा आकडा लागूच होत नाही. पॉलियान्स्की, पुअर आणि वर्दू यांच्या २०१० च्या कामावरून हिशेब करता येतो: १२८ बिटांचा, १/२ रेटचा कोड आणि दहा हजार फ्रेममध्ये एक चूक हवी असेल तर सर्वोत्तम कोडही त्या आकड्याच्या २ डीबींहून जास्त मागे राहतो.

इथे एलडीपीसीच्या फेऱ्या फारशा कामाच्या नाहीत. ऑर्डर्ड स्टॅटिस्टिक्स डिकोडिंग पाहा: सर्वात भरवशाचे बिट घेऊन त्यांच्यावरून पूर्ण कोडवर्ड (कोडच्या नियमांत बसणारा बिटांचा संच) पुन्हा बांधायचा, मग त्यातले एकदोन उलटून तुलना करायची. फोसोरिए आणि लिन यांनी १९९५ मध्ये मांडलेली ही पद्धत कुठल्याही लिनिअर कोडला चालते.

दुसरी वाट ग्रँड नावाच्या पद्धतीची, डफी आणि मेदार यांच्या गटाची. ती कोडवर्ड शोधतच नाही. नॉइज कसा असेल त्याचे अंदाज शक्यतेच्या क्रमाने करते आणि प्रत्येक अंदाज वजा करून समीकरणं जुळतात का ते पाहते. जादा बिट कमी असतील तर सुरेख चालते. २४ जादा बिटांना सर्वात वाईट वेळी साधारण १ कोटी ६८ लाख अंदाज लागू शकतात, पण चांगल्या सिग्नलमध्ये खरा अंदाज खूप आधी लागतो. जादा बिट ६० वर गेले तर नाद सोडा.

डिकोड न झालेलं पॅकेट पुन्हा मागवलं तर पहिलं टाकून द्यायचं का?

अजिबात नाही. पहिल्या प्रयत्नाचे एलएलआर जपून ठेवा आणि दुसऱ्याच्या एलएलआरमध्ये मिळवा. तेच पॅकेट दोनदा आलं तर ही बेरीज ३ डीबी देते. दुसऱ्या वेळी नवे पॅरिटी बिट पाठवले तर त्याहून जास्त. किंमत मेमरीची आहे आणि मोबाइल मोडेममध्ये ती जागा बरीच मोठी असते, म्हणून साठवताना एलएलआरचे बिट कमी केले जातात. बेरीज करण्याआधी दोन्ही वेळचं स्केलिंग एकच आहे याची खात्री करा. नॉइज दोन्ही वेळी वेगळा असतो. मिन-समचं वर सांगितलेलं संरक्षण इथे मिळत नाही.

न्यूरल नेटवर्क लावून डिकोडर सुधारतो का?

काही ठिकाणी. २०१६ मध्ये नाखमनी, बेएरी आणि बुर्श्टाइन यांनी मेसेज पासिंगच्या, म्हणजे बिट आणि समीकरणं यांच्यातल्या संदेशांच्या, जाळ्यातल्या प्रत्येक दुव्याला शिकवता येणारं वजन दिलं. बीसीएचसारख्या दाट जाळ्याच्या छोट्या कोडमध्ये याने चांगली सुधारणा होते. नीट बांधलेल्या लांब एलडीपीसीवर फायदा थोडाच. माझ्या मते शिकण्याचा खरा उपयोग गुणक ठरवण्यात आहे: फेरीगणिक एक गुणक शिकवून घ्या आणि तो साध्या मिन-समच्या हार्डवेअरमध्ये कायमचा बसवा. हार्डवेअर तेच राहतं आणि ०.७५ अंदाजाने निवडण्याची गरज उरत नाही.

सिम्युलेशनच्या आलेखावर विश्वास कधी ठेवायचा?

प्रत्येक बिंदूला निदान १०० चुकलेल्या फ्रेम मोजल्यावर. तेवढ्यात साधारण २० टक्के इकडेतिकडे एवढी खात्री मिळते, लॉगच्या आलेखावर ती पुरते. १० लाख फ्रेममध्ये एकही चूक निघाली नाही तर चुकीचं प्रमाण शून्य लिहू नका. ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की ते १० लाखात ३ च्या खाली आहे.

सगळे बिट शून्य असलेला कोडवर्ड पाठवून मोजणं सोयीचं आहे आणि त्यातच एक सापळा आहे. थोड्या बिटांच्या हिशेबात एलएलआर नेमका ० येण्याचे प्रसंग बरेच असतात. अशा वेळी डिकोडर "०" ठरवत असेल, तर पाठवलेलं सगळंच ० असल्यामुळे प्रत्येक अनिर्णित बिट बरोबर धरला जातो. आलेख सुंदर येतो आणि हार्डवेअर निराश करतं. शेवटची मोजणी तरी खऱ्या, यादृच्छिक संदेशांवर करा.

५जीच्या एलडीपीसीमध्ये याची आणखी एक बाजू आहे. तिथे माहितीच्या बिटांचे पहिले दोन गट पाठवलेच जात नाहीत, त्यांचे एलएलआर ० पासूनच सुरू होतात. ज्या समीकरणात असे दोन अज्ञात बिट येतात त्यातून पहिल्या फेरीत काहीच निघत नाही. लेयर्ड डिकोडिंगमध्ये कोणती समीकरणं आधी घ्यायची याला म्हणून तिथे महत्त्व आहे; एकच अज्ञात असलेली आधी घेतली तर दोन्ही गट लवकर भरतात.

सगळं केलं, तरी अपेक्षेपेक्षा १-२ डीबी कमी पडतात. कुठे शोधू?

डिकोडर बाजूला ठेवा आणि कोडशिवाय चूकप्रमाण मोजा. बीपीएसकेला ९.६ डीबीवर लाखात एक येत नसेल तर गडबड सिंक्रोनायझेशनमध्ये किंवा नॉइज मिसळण्याच्या हिशेबात आहे. ते जुळलं तर १२ टक्क्यांची चाचणी. तीही जुळली तर फ्लोटिंग पॉइंटमधला सम-प्रॉडक्ट लावा, प्रसिद्ध आलेखाशी ताडून पाहा आणि मग एकेक बदल करत जा: मिन-सम, गुणक, लेयर्ड, क्वांटायझेशन (संदेश ठरावीक बिटांत बसवणं), फेऱ्यांची मर्यादा. प्रत्येक पायरीचा तोटा वेगळा लिहा. फरक अगदी ३ डीबीच्या आसपास असेल आणि कोड रेट १/२ असेल, तर एका आलेखाच्या आडव्या अक्षावर माहितीच्या बिटाची ऊर्जा आहे आणि दुसऱ्यावर पाठवलेल्या बिटाची, एवढंच बहुधा झालेलं असतं. अक्ष एकसारखे केले की दोन्ही आलेख एकमेकांवर बसतात.